बाहुलीच्या मापाचं

२ जून

लागले बाई एकदाची कामाला! ताईच्या घरी आयतं जेवायची किती दिवस लाज वाटून घ्यायची? जागा झकास आहे. भरपूर उजेड, नवं शिलाई मशीन, कात्री अशी की कापड लोण्यासारखं कापतं. मालक पोरगेलेसे, सगळ्यांना 'डिअर' म्हणतात, म्हणून माझ्यापुरते ते डिअरभाऊ. काम असं की मी झगा शिवायचा, तो काचेच्या पेटीत ठेवायचा, पेटी त्याचं चित्र उतरवणार आणि लोक ते चित्र विकत घेऊन फोनमधल्या आपापल्या बाहुलीला घालणार. बाहुलीला 'अवतार' म्हणायचं. खरे पैसे मोजतात हो, अंगाला न लागणाऱ्या झग्यासाठी! हौसेला मोल नसतं म्हणे. मला विचाराल तर नाकापेक्षा मोती जड. आमची भाचीही कॉलेजच्या फीतले पैसे त्यात उडवते. ताईला पत्ता नाही.

४ जून

पेटीतून माझा पहिला झगा काढला आणि हातातून टाकलाच. सकाळी कडक, लालभडक सुती कापड होतं. आता राखाडी, ओलसर, बुळबुळीत, नासक्या सायीसारखं बोटांना चिकटणारं. वास बंद डब्यात विसरलेल्या भाजीचा. डिअरभाऊ म्हणाले, नीट उतरला की कापडात काही उरत नाही, बादलीत टाका. फोनवर मात्र झगा असा लाल की दृष्ट लागावी. बादली रिकामी करायचं काम माझ्याकडेच आहे. दुपारी डबा उघडवला नाही.

९ जून

पेटी चालू होती आणि झग्याच्या खांद्यावर चुणी दिसली. शिवणाऱ्या बाईला चुणी बघवते होय? सवयीने उजवा हात आत घातला आणि ती सारखी केली. डिअरभाऊ ओरडतील असं वाटलं होतं. ते कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत गोड हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

११ जून

बोटांची टोकं पांढरी पडलीत. साबण संपला, वास जात नाही. शिकाऊ होते तेव्हा अंगठ्यात सुई आरपार गेली होती, तिची तिरकी खूण पार पुसली गेलीय. कात्री धरली की कातडी सरकते. शी! माझाच हात, आणि मलाच शिसारी येते.

१३ जून

भाचीने कौतुकाने फोन दाखवला. बाहुलीला नवा उजवा हात. 'कारागिराचा हात, खरा, वापरलेला.' सगळ्यात महाग. अंगठ्यावर तिरकी खूण.

तिला सगळं सांगितलं. तुझे लहानपणीचे फ्रॉक याच हाताने शिवले गं, परत करून टाक म्हणून विनवलं. तिने नाक दाबलं. विकलेलं परत घेत नाहीत म्हणाली.

१५ जून

नोकरी सोडली. फरक नाही. कुणीतरी विकत घेतं आणि इथे— आज नख उशीवर सापडलं. ओकले.

१६ जून

डाव्याने लिहितेय— उजवा फडक्यात गुंडाळलाय, बघवत नाही—

डिअरभाऊंनी सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलंय, जोडीचा डावा जो पाठवेल त्याला कपडे कायमचे फुकट— साध्या फोननेही उतरतो म्हणे— नुसता स्थिर धरायला हवा—

भाची आत आलीय. तिने दाराला कडी घातली. हातात फोन—

लाडीगोडी लावतेय, फ्रॉक मागायची तश्शी—

"मावशी, एका हाताने तू तशीही आता शिवणार नाहीस ना?"

मनगट धर—