मुरायला ठेवलेल्या बंदुका

१४ जानेवारी
नेमबाजी क्लबमधला जुना दोस्त ओरिन आला. न सांगता! बुटांचं बर्फ सगळ्या घरभर. खिशातून बाटली काढून टेबलावर आपटली. मिसूलाच्या बंदुकांच्या जत्रेतून आणलेलं नवीन तेल. "नळी साफ करतं, चाप अडकू देत नाही, गंज धरू देत नाही. क्लबच्या पत्रकात लिहायचंय मला. तुझी रायफल दे."

त्याच्या स्वतःच्या सात आहेत. तसं म्हटलं, तर म्हणे, "माझ्या स्वच्छ आहेत. तुझीवर काजळी आहे."

खरं आहे. नोव्हेंबरपासून हात लावला नाही. दिली. वाद घालायला त्राण कुणाला आहे?

१७ जानेवारी
आज दुनळी नेली. बाटली ठेवून गेला — "तू चाकूवर बघ."

बघितलं. डुईचा घडीचा चाकू, ट्रकच्या कप्प्यात सापडलेला. नदीच्या पाण्याने बिजागरी गंजून घट्ट बसली होती. तीन थेंब टाकले, थांबलो, पुसलं. चिंधीवर तपकिरी डाग. आणखी दोन थेंब. मग अंगठ्याने जोर लावला आणि पातं उघडलं! तेल चांगलं आहे, खोटं कशाला बोलू.

खाचेत ट्राउटचा एक खवला अडकलेला होता. एवढासा. तो बघून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो.

एकदा लिहूनच टाकतो. ट्रक मी चालवत होतो. पुलावरचं बर्फ मला दिसलं होतं. डुई म्हणाला, "हळू घे, व्हर्लिन." मी हसलो — धाकटा भाऊ आणि मला शिकवतोय! मग ट्रक घसरून नदीत गेला. मी पोहून वर आलो. तो नाही आला.

१९ जानेवारी
सकाळी डोळे उघडले. कशाला?

२२ जानेवारी
डुईची बायको मार्लिस येऊन गेली. नवरा जाऊन दोन महिने झाले तिचा, आणि माझ्यासाठी एल्क हरणाच्या मांसाचा रस्सा घेऊन आली. "अरे, खातोस की नाही? तोंड बघ तुझं." मग टोपी हातात फिरवत म्हणाली, डुईला एप्रिलशिवाय पुरता येणार नाही, जमीन पार खालपर्यंत गोठली आहे. तोवर तो तिथेच, शवागाराच्या त्या थंड खोलीत.

जाताना म्हणाली, "तुझी चूक नव्हती." हिने शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर सोसलं असतं. हे सोसत नाही. मी नसावं असं वाटतं. रोज वाटतं. आज जास्त वाटलं.

रस्सा तसाच आहे.

२६ जानेवारी
आता ओरिनला वडिलांची जुनी छोटी रायफल हवी! विचारलं, आधीच्या दोन कधी देणार?

"त्या मुरतायत."

"काय?"

"तेल रे. धातूत मुरावं लागतं. सहा आठवडे तरी."

तेल आहे की लोणचं? चाळीस वर्षं बंदुका साफ करतोय, असलं कधी ऐकलं नाही. त्याचे कान लाल झाले होते. वर म्हणे, चाकूही दे सगळे. म्हटलं, मग पावाला लोणी कशाने लावू? "चमच्याने लाव," म्हणाला, आणि रायफलबरोबर डुईचा चाकूही घेऊन गेला.

३ फेब्रुवारी
ओरिनच्या घरी गेलो, न सांगता. त्याच्या कपाटाला नवीन कुलूप. काचेतून माझ्या तिन्ही दिसल्या. काजळी तशीच! एक थेंब तेल लावलेलं नाही!

ओरडलो. मी काय कुक्कुलं बाळ आहे? टेसने, त्याच्या बायकोने, नळ बंद केला आणि हात पुसत तशीच उभी राहिली.

ओरिन खुर्चीत बसला. "खोटं बोललो. नीट जमलंही नाही. सरळ मागितल्या असत्या तर दिल्या असत्यास?"

"नाही."

"मग? एप्रिलमध्ये डुईसाठी खणायचंय. मला एकच खड्डा खणायचाय, लेका. माझी कंबर गेलीये."

टेस एकदम रडायला लागली. मी दार आपटून निघालो. तो मागून ओरडला, "बरं वाटेल तेव्हा ये! किल्ली माझ्याकडे आहे!"

४ फेब्रुवारी
डुक्कर साला.

५ फेब्रुवारी
त्याचा फोन तीनदा. घेतला नाही.

९ फेब्रुवारी
राग गेला. हेच वाईट झालं. राग होता तोवर चार दिवस बरे गेले. भूकही लागत होती. आज पुन्हा तोच पूल, तेच डुईचं "हळू घे". संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून राहिलो. दिवा लावला नाही. मला भीती वाटते आहे — माझीच.

१२ फेब्रुवारी
ओरिनला वाटतं, माझं घर रिकामं झालंय. नव्हतं झालेलं. पलंगाखाली खोक्यात एक पिस्तूल होतं. डुईलाही माहीत नव्हतं. इथेही कधी लिहिलं नाही.

सकाळी गोळ्या काढल्या, ते चिंधीत गुंडाळलं आणि ओरिनकडे चालत गेलो. त्याने दार उघडलं. मी म्हटलं, "हे राहिलं होतं."