बनीच्या बापसास

११ जानेवारी १९५९
दोन! मुंबईला कामाला असलेल्या गावकऱ्यांना शंभर छापील पत्रकं धाडली, उत्तरं आली दोन. ह्यांनी केवढ्या हौसेने मजकूर केला होता — 'दानशूर ग्रामबंधूंस सविनय विज्ञापना'! महाडच्या छापखान्यात तीन खेपा घातल्या. आणि मुंबईहून सुट्टीवर आलेला कोंडाजी म्हणतो, "बाई, आमाला वाटलं कोनाच्या लग्नाचा कागुद हाय. म्हनून न वाचताच ठिवून दिला."

लोकल बोर्डाचे साहेब स्पष्ट बोललेत — पावसाळ्याआधी बाळंतपणाची खोली उभी करा, नर्स देतो. नाहीतर ती दुसऱ्या गावाला. दगडमाती आणि अंगमेहनत गावाची. लाकूड, कौलं, खाटा कशाच्या आणायच्या?

१३ जानेवारी
पोरांना पाढे लिहायला लावले आणि विचार करत बसले. सहा वर्षांपूर्वी मला डोलीतून पोलादपूरला उतरवलं, तिथून एसटीने महाड. बाळ वाटेतच गेलं. मुलगा होता. हे 'सविनय विज्ञापना'त कुठे बसवायचं?

पत्रं हाताने लिहायची. प्रत्येकाला वेगळं. घरच्या बाईने सांगायचं, मी लिहायचं. ठरलं!

१८ जानेवारी
बायका जमल्या. मजकूर भराभर सांगतात, पण नवऱ्याचं नाव कोणी घेईना! गावात नऊ कोंडाजी, सहा येसाजी, आडनाव सगळ्यांचं एकच. कुठल्या येसाजीला धाडू? ठमाबाई तर लाजून लाल — "मी नाव घिऊ? काय बोलतेस गो बाय! लिव, बनीच्या बापसाला." तेच लिहिलं. 'बनीच्या बापसास, गावकीची खोली, डिलाईल रोड, मुंबई.' खाली तिचेच शब्द — 'आपली बनी पोटुशी हाय. तिला डोलीत घालायची नाय. काय ता बघा.'

मग सगळ्यांचे पत्ते तसेच. ह्यांनी कपाळाला हात लावला. "पोस्टखातं हसेल आपल्याला." हसू दे! पंच्याऐंशी कार्डं झाली. बोटं सरळ होत नाहीत.

१ फेब्रुवारी
काही नाही.

९ फेब्रुवारी
आले!! पोस्टमन अब्बासभाई चढण चढून आले, धापा टाकत. "बाई, एवढ्या मनिऑर्डरी मी एका गावाला कधी आणल्या नाहीत!" सह्या करून करून दमले. असं दमणं रोज यावं.

सोबत कोंडाजीचं पत्र. सुट्टी संपवून तो परत गेलाय ना. गावाने मिळून घेतलेल्या त्या गावकीच्या खोलीत राहायला माणसं चाळीस, बाकीची रविवारी जमतात; वाचता येणारा हा एकटा. एकेक कार्ड मोठ्याने वाचतो, ज्याचं असेल तो उठतो. 'बनीचा बापूस कोन?' म्हटलं, तर तिघं उभे राहिले! बनी तीन निघाल्या. तिघांनीही पैसे पाठवलेत. तिसऱ्याची बनी जेमतेम सहा वर्षांची. त्याला सगळे हसले, तर म्हणाला, "माजी पन मोटी हुईलच ना!"

मी हे वाचून रडले. हे समोरच होते, तरी रडले.

२ मार्च
नवी गंमत — ज्यांना कार्ड गेलं नाही ते रुसलेत! आणखी तीस लिहिली. ह्यांनी स्वतः पत्ते घातले — 'गंगूच्या काकास', 'सखूच्या मामास'. अक्षर मात्र अजून हेडमास्तरी.

२४ मे
कौलं चढली! साहेब येऊन दोनदा आत-बाहेर फिरले. खोड काढायला काही सापडेना. शेवटी म्हणाले, "एवढा पैसा जमवला कसा?" म्हटलं, पत्रं लिहून. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

८ जून
नर्स आल्या. साजिदाबाई, महाडच्या. ट्रंक ठेवली आणि आधी फरशी धुऊन घेतली. मला आवडल्या.

१७ जून
बनीला मुलगी! ठमाबाईची बनी. बाहेर पाऊस कोसळतोय, ओढ्याला पाणी, डोली गेलीच नसती. ठमाबाई दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत होती. मी घरी आल्यावर उगाचच दोनदा हसले.

२२ जून
शाळा सुटल्यावर साजिदाबाईंकडे जाऊन आले. खरंच आहे. तिसरा महिना. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आणि मला भीती वाटत नाही.