रस्त्याच्या रेषेवर माझी कबर

मी, काताराइना ते पोउ, कै. हेरेवीनी यांची पत्नी, वय अदमासे एकोणसत्तर, राहणार वाइमानुका, तारानाकी, धंदा रताळ्यांची शेती व सरकारला नाही म्हणणे, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाला वा भिडेला न पडता, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात, येता हिवाळा मला दिसायचा नाही. डोके मात्र शाबूत आहे; शंका असेल त्याने माझ्याशी वाद घालून पाहावा.

घर, मागचा रताळ्यांचा मळा आणि ओढ्यापर्यंतच्या जमिनीतला माझा हिस्सा माझी नात रोइमाता हिला द्यावा. आमच्या सामाईक जमिनीचे जमीन कोर्टाने माणसागणिक हिस्से पाडले, कारण एकेकट्याला गाठून विकत घेणे सोपे जाते. रोइमाताने विकू नये, भाड्याने देऊ नये, आणखी तुकडे करू नयेत. चूल रोज पेटली पाहिजे. चूल विझली की हक्कही थंड होतो, हे आमच्यात पोरासोरांना ठाऊक आहे.

नांगर रोइमाताचा नवरा एरुएरा याला. सरकारने आम्हा इथल्या मूळ रहिवाशांची जमीन जप्त करून गोऱ्यांना दिली, तेव्हा याच नांगराने माझ्या नवऱ्याने ती नांगरली, एका साहेबाच्या अंगणातल्या हिरवळीसकट. हातात काठीसुद्धा नव्हती. त्याला धरून नेले, खटला चालवलाच नाही, आणि दक्षिणेकडच्या तुरुंगात तो वारला. देहही परत आला नाही. जमिनीची वाटणी मला मान्य नाही, पण हा राग सर्वांनी सारखा वाटून घ्यावा.

डुकरांच्या कुंपणाला सत्तावीस खुंट्या आहेत. त्या मोजणीदारांच्या, उपटल्या मी. पहिल्यांदा कोर्टात उभे केले तेव्हा साहेबाने कारण विचारले. मी म्हटले, "माझ्या वाफ्यात मी न लावलेलं काही उगवलं तर मी ते उपटते. आमच्याकडे त्याला खुरपणी म्हणतात." चौदा दिवस आत ठेवले. सरकारने खुंट्या परत मागितल्या तर डुकरांना विचारून द्याव्यात.

मुलगा पिरिपी याला जमिनीतले बोटभरही देऊ नये. त्याने स्वतःचा हिस्सा विकला. "आई, सगळेच विकतायत. आपणच काय मोठे लागून गेलो?" असे म्हणाला. सगळे मरतात म्हणून तू आजच मरतोस का, असे मी विचारले, त्यावर तो शहरात निघून गेला. त्याला अकरा वर्षे झाली. बापाचे खोगीर त्याला द्यावे. तो आला तर त्याला माझ्या उशाशी बसवावे, आणि त्याचे पोटभर जेवण होईपर्यंत कोणी टोमणा मारू नये. मला त्याची फार आठवण येते.

आता देह. तो मागायला वरच्या गावचे सासरचे लोक येतील, माझा दीर मातिउ सर्वांच्या पुढे. हेरेवीनीची जागा त्यांच्या दफनभूमीत रिकामी राहिली आहे, तेव्हा येणारच. रीतीप्रमाणे तीन दिवस जोरात भांडावे. माझ्यासाठी कोणी भांडलेच नाही तर तो मी अपमान समजेन. पण देऊ नये.

मला घर आणि ओढा यांच्या मधोमध, नव्या सरकारी रस्त्याच्या आखणीतल्या तिसऱ्या खुंटीपाशी पुरावे. ही अक्कल मला मोजणीदार आर्थर पेनफोल्ड यानेच दिली. गेल्या महिन्यात माझ्या ओसरीवर चहा पिताना तो हळहळून म्हणाला, "घर पाडून रस्ता नेता येतो, बाई. तिथं कबर असती तर मात्र रेषा वळवावी लागली असती." काम हिवाळा सरल्यावर, वसंतात सुरू व्हायचे आहे. डॉक्टर खरे ठरले तर मी वेळेत पोहोचते. जन्मात सरकारसाठी कधी घाई केली नाही, या एका कामासाठी करीन.

साक्षीला शेजारी होरोमोना आहे. दुसरा साक्षीदार म्हणून पेनफोल्डला आज मुद्दाम बोलावले. त्याला आमची भाषा वाचता येते. इथवरचे सगळे वाचून त्याने कागद खाली ठेवला.

"ही जागा माझ्या रेषेवर आहे," तो म्हणाला.

"म्हणून तर तुला बोलावलं, पोरा. उद्या कोणी म्हणायला नको, आम्हाला ठाऊक नव्हतं."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल. माझं घर जाणार होतं तेव्हा तू चहा पीत होतास."

त्याने कागद पुन्हा उचलला. मग साक्षीदाराला नक्की काय करावे लागते, ते त्याने विचारले. मी सही करताना पाहायचे आणि खाली आपले नाव लिहायचे, एवढेच, असे मी सांगितले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असा कायदा आहे, तेही सांगितले. त्याने टाक मागितला. मी म्हटले, "या जमिनीतून काहीच न घेता सही करणारा तुमच्यातला तू पहिलाच."

काताराइना ते पोउ
(सही आहे, अंगठा नव्हे)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
होरोमोना तापा, शेतकरी
आर्थर पेनफोल्ड, सरकारी मोजणीदार

वाइमानुका, १९ मार्च १९०८