कावळ्याचे कलम

मी, शेषराव डोमाजी अंबाडकर, वय वर्षे बहात्तर, धंदा पूर्वी अकोल्यास मराठीची मास्तरकी व हल्ली काही नाही, राहणार अमरावती, कॉलेजच्या मागची आळी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही आणि काही पाजलेलेही नाही. घरचा स्वयंपाक पाहणाऱ्या मनकर्णाबाईंनी चहा दिला, तो बिनसाखरेचा होता. बुद्धी शाबूत आहे. खात्रीसाठी आज सकाळी जुन्या वाचनमालेतल्या कविता ओळीने म्हणून पाहिल्या. एका ठिकाणी कडवे अडले, पण ते तरुणपणीही तिथेच अडत असे.

याचा मसुदा आमचे देवीदास तेलगोटे वकील यांनी करून दिला होता. तो एका पानाचा होता आणि त्यात मी कुठेच नव्हतो. म्हणून तो बाजूला ठेवून स्वतः लिहितो. कायद्याचे शब्द त्यांचे, बाकीचे माझे.

कलम १. माझी पत्नी इंदूबाई मागेच वारली. मूलबाळ नाही. जवळचा वारस एकच, पुतण्या वामनराव, अकोल्यास कापडाचे दुकान. त्यांचा माझ्यावर जीव आहे, आणि माझ्या घरावरही. गेल्या दिवाळीत ते फराळाचा डबा घेऊन आले आणि डबा उघडण्याआधीच बोलले:

"काका, घर समाजाच्या नावानं करून टाका. आपल्या पोरायची सोय होईल. दारावर तुमच्या नावाची संगमरवरी पाटी लावतो."

"अन् आता इथं जे कॉलेजचे पोरं राहून राहिले त्यायचं काय?"

"त्यायचे त्यायचे समाज हायेत ना! इथं एका चुलीवर सारे जेवतात, लोक मले दुकानात येऊन विचारतात. मी काय सांगू?"

"कापडाचा भाव सांग," मी म्हणालो.

पाटीचा मोह मला झाला नाही असे नाही. तिच्यावर कोणती ओळ कोरावी ते मी दोन दिवस जुळवत होतो. यमक काही बसेना. मग मागच्या अंगणात पोरांचा जेवणाचा गलका झाला आणि पाटी डोक्यातून गेली. या घरात आज जी पोरे आहेत ती माझ्या पाठीमागे बाहेर पडू नयेत आणि त्यांची चूल फुटू नये, एवढ्यासाठीच हा कागद. बाकी माझ्याजवळ आहे काय?

कलम २. माझे राहते घर, अंगण, विहीर व संत्र्याची दोन झाडे यांसह, मी देवीदास तेलगोटे वकील आणि करीमोद्दीन मास्तर, बाळापूर, या दोघांच्या हाती विश्वस्त म्हणून देतो. घर विकू नये. त्यात कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी राहावे, ती कोणाचीही असोत.

हे घर विद्यार्थ्यांचे कसे झाले ते लिहिणे भाग आहे. अठ्ठावन्न सालच्या जूनमध्ये देवीदास डोक्यावर ट्रंक घेऊन माझ्या दारात आला. त्याआधी तो आळीतली दारे पालथी घालून आला होता. प्रत्येक दारात त्याला आधी नाव विचारले, मग गाव, मग आडनाव. आणि आडनाव ऐकल्यावर खोली कालच भाड्याने गेलेली निघाली. माझ्यापुढे त्याने वेळ घालवला नाही.

"गुरुजी, आडनाव तेलगोटे. आमी छप्पन साली धम्म घेतला. खोली गेली असंन तं आत्ताच सांगा, ट्रंक जड हाये."

मी विचारले, "कविता येते का?"

यात माझा मोठेपणा शोधू नये. समोर पोरगा उभा राहिला की मला दुसरा प्रश्नच सुचत नाही. देवीदासने ट्रंक खाली न ठेवता पुरी कविता म्हटली. शेवटच्या कडव्याला त्याची मान डोलत होती, ती तालाने की ट्रंकेने, हे मला कळले नाही. पण डोलत होती. खोली त्याची झाली.

म्हणून नियम असा: दारात आलेल्या मुलाला आडनाव विचारू नये. ते दाखल्यावर असतेच. पहिल्या पंगतीनंतर सावकाश वाचावे. कविता येते का एवढेच विचारावे. येत नसेल तर एक महिना द्यावा. मुली शिकायला आल्या तर विहिरीपलीकडच्या खोल्या त्यांच्या. मधली भिंत किती उंच, ते मनकर्णाबाई ठरवतील.

कलम ३. चूल एकच राहील. देवीदास वकील म्हणतात की चुलीला कलम लागत नाही. लागते.

पहिल्या वर्षी अंगणात चार चुली होत्या. देवीदासची, बाळापूरच्या करीमची, मूर्तिजापूरच्या मुकुंद देशपांडेची आणि धारणीकडून आलेल्या सानू कासदेकरची. सानू कोरकू, मेळघाटातला. महिनाभर तो कोणाशी बोलला नव्हता. चार चुलींचा धूर असा कोंदे की शेजारच्या लीलाबाई भिंतीवरून ओरडत, "गुरुजी, घर हाये का वीटभट्टी?"

स्वयंपाक चार ठिकाणी, पण पाट मी एका ओळीत मांडायला लावले. ओळीत बसले की श्लोक आला. पंगतीला श्लोकाशिवाय घास घेऊ नये हे माझ्या अंगात भिनलेले. तिथेच भांडण पेटले. मुकुंदने त्याच्या घरचा श्लोक सुरू केला. देवीदास म्हणाला, "हा मी म्हणणार नाही." करीम म्हणाला, "मी मनातल्या मनात म्हणतो, तुमचं चालू द्या." मुकुंद म्हणाला, "मनातल्या मनात म्हणायला श्लोक काय चोरीचा आहे?" मी माझी स्वतःची कविता सुचवली, तर ती नको यावर तिघांचे लगेच एकमत झाले. भाकरी थंड होऊन वाकल्या.

तेवढ्यात सानूने पाटावरूनच मान वर करून एक हाळी दिली. लांब, चढत जाणारी, मधेच थांबून टाळी, आणि शेवटी घशातून काढलेला 'हुर्रऽऽ'. अंगणातल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. माझ्या डोळ्यांना पाणी आले. मला त्यात सातपुड्याचे डोंगर दिसले, पहाटेचे धुके दिसले, आदिकवी दिसले. मुकुंदने नकळत हात जोडले. अर्थ कोणालाच कळला नाही, त्यामुळे हरकत घ्यायला कोणाला जागा उरली नाही. दुसऱ्या दिवसापासून तोच आमच्या पंगतीचा श्लोक झाला.

आता ती हाळी सर्वांनी एकदम द्यावी लागे, आणि टाळी एकदम पडावी लागे. एकाची भाकरी तव्यावर असली की टाळी चुके. टाळी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. भाकरी जळाली की भांडण. मी समानतेवर कितीतरी भाषणे दिली होती, त्यांनी एक चूल हलली नव्हती. या टाळीने दोन महिन्यांत तीन चुली विझवल्या. उरलेल्या एका चुलीवर स्वयंपाकाला मनकर्णाबाई आल्या. त्या देवीदासच्या सख्ख्या मावशी. विझलेल्या चुलींत मी अबोली लावली. ती चांगली फुलते, राखेचा गुण असावा.

मग मुकुंदचे वडील केशवराव देशपांडे मुलाचे कसे चालले आहे ते बघायला आले. पंगत बसली, हाळी झाली. केशवराव डोळे मिटून ऐकत राहिले आणि मला हळूच म्हणाले, "वळण सामवेदाचं वाटतं. शाखा कोणती?" मी म्हणालो, "धारणीची." त्यांनी मान डोलावली आणि जेवायला सुरुवात केली. वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. हात धुताना विचारले, "स्वयंपाक कोणाचा?"

"मावशींचा," मुकुंद म्हणाला.

"कोणाची मावशी?"

चौघेही एका दमात म्हणाले, "आमची."

केशवरावांनी चौघांकडे पाहिले, हातातला तांब्या खाली ठेवला आणि बराच वेळ मिशी पुसली. मग म्हणाले, "मीठ बेताचं होतं." त्या दिवसापासून ते अमरावतीस आले की जेवायला इथेच येतात.

कलम ४. पुढच्या वर्षी सानूचे वडील जीपने आले. मध आणला होता. त्यांना मानाचा पाट दिला. पोरांनी त्यांच्या मानाखातर हाळी अशी दिली की लीलाबाईंच्या शेळीचे पिल्लू दोर तोडून पळाले. म्हातारा चमकला. आधी कौलांकडे पाहिले, मग झाडाकडे, मग ताटाखाली. मग हिंदीत विचारले, "तोता किधर है?"

आमचा श्लोक म्हणजे मक्याच्या शेतात मचाणावरून पोपट आणि कावळे हाकलायची आरोळी होती.

मी म्हणालो, "सानू, हे तू काहून सांगितलं नाहीस?"

सानू म्हणाला, "गुरुजी, यायचं भांडण पाहून मले शेतातली पाखरंच आठवली, म्हनून ओरडलो. वर पाह्यलं तं तुमी रडून राहिले होते. मंग कसं सांगू?"

म्हातारा हसून हसून ठसकला; करीमने पाठ चोळली. मुकुंद म्हणाला, "आता बाबांना काय सांगायचं?" आणि देवीदास, जो तेव्हा वकील नव्हता पण तोंड वकिलाचेच होते, म्हणाला, "काहीच नाही सांगायचं. हे आता सोडायचंही नाही. यात कोणाचा देव नाही, अन् पोपटाशिवाय कोणाचा राग नाही." हे आजवर पाळले आहे. केशवरावांना हे कलम वाचेपर्यंत ठाऊक नसेल. त्यांची क्षमा मागतो.

कलम ५. किरकोळ वाटप. वामनरावांना अकोल्याचा भाजीमळा विहिरीसह. माझ्या वडिलांनी तिथली फुले विकून मला शिकवले, म्हणून एका वाफ्यात झेंडू असावा. माझा काळा कोट व चांदीच्या मुठीची काठीही त्यांना.

करीमोद्दीन मास्तरांना माझी सारी क्रमिक पुस्तके. ते बाळापूरच्या शाळेत उर्दू शिकवतात आणि मराठी कविता माझ्यापेक्षा सुरेल म्हणतात. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, आता लेखी घ्या.

मनकर्णाबाईंना मागची खोली हयातभर, आणि भाजीत मीठ किती याचा शेवटचा निकाल. माझ्या स्वतःच्या कवितांची चळतही त्यांना. चूल पेटवायला वापरण्यास हरकत नाही. मात्र प्रत्येक कागद पेटवण्यापूर्वी कोणा पोराकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावा.

लीलाबाईंना शेंदूरजनाघाटहून आणलेल्या दोन झाडांची त्यांच्या बाजूला पडतील ती संत्री. आमच्या बाजूची त्या नेतातच, त्यासाठी कलम नको. वीटभट्टीचा राग सोडला.

कलम ६. आता मुख्य गोष्ट. देवीदास वकील म्हणतात, वरची कलमे कोर्टात टिकतील. पण कोर्ट अमरावतीस, वामनराव अकोल्यास, आणि त्यांचा स्वभाव मला ठाऊक. कोर्टाला ते भीत नाहीत, दशक्रियेला भितात. म्हणून हे लिहितो.

माझे दहाव्याचे वामनरावांनी कौंडण्यपूरला, नदीच्या घाटावर करावे. पिंड ठेवल्यावर घरातल्या सर्व पोरांनी, जुन्या आणि नव्या, अर्धगोल उभे राहून आपला पंगतीचा श्लोक खणखणीत आवाजात, टाळीसकट म्हणावा आणि म्हणत राहावा. श्लोक कशासाठी आहे ते कलम चारमध्ये आलेच आहे. एकही कावळा फिरकणार नाही.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, असे वामनराव मानतात. बरोबरच आहे, राहिलीच आहे. तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे पुढे होऊन, हात जोडून, लोकांना ऐकू जाईल असे म्हणावे: "काका, घर विकणार नाही. चूल एक राहील. पोराले आडनाव विचारणार नाही." तिन्ही वाक्ये झाली की सानूने हात वर करावा. पोरांनी गप्प व्हावे. मग कावळा येईल. न आला तरी मी समजून घेईन.

याखेरीज माझी इच्छा नाही. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र.

अमरावती, दिनांक ३ फेब्रुवारी १९६६.

(सही) शेषराव डोमाजी अंबाडकर

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष सही झाली:

१. (सही) केशवराव देशपांडे, मूर्तिजापूर. कलम चार वाचले. वळण सामवेदाचेच आहे, या मतावर मी कायम आहे.

२. (सही) सानू कासदेकर, शिक्षक, धारणी.

खाली वामनरावांच्या हातचे:

काकांनी सारे वाचून दाखवले. घाटावर चारचौघांत अशी शोभा नको. कलम सहा गाळावे. त्या बदल्यात आजच लिहून देतो: घर विकणार नाही, चूल एक राहील, पोरांना आडनाव विचारणार नाही. (सही) वामनराव अंबाडकर.

त्याखाली माझे: वचन पावले. कलम सहा गाळले. पोरांनी घाटावर तोंड बंद ठेवावे आणि कावळ्याला सुखाने येऊ द्यावे. मात्र तेरवीची पंगत याच अंगणात, याच चुलीवर व्हावी आणि श्लोक तिथे म्हणावा. वामनरावांनी मधल्या पाटावर बसावे. टाळी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

(सही) शेषराव