पाठीचं माप

तिकोणा पेठ,
६ डिसेंबर २०२४

ती. बबिताताईस, धाकट्या रंजनाचा शि. सा. न. वि. वि.

फोन ह्यांच्याच उशाला असतो, बोललेलं सगळं ऐकत्यात, म्हणून शेजारच्या किरणच्या जीपनं चिठ्ठी धाडते. टीबीच्या गोळ्या चालू हायेत, पण खोकला हटत न्हाई. मी तोंडाला फडकं बांधून जवळ बसते आन् ह्यांचा स्वेटर विणते. हात रिकामा राहिला की लय वंगाळ विचार येत्यात.

त्यांच्या जुन्या स्वेटरएवढेच टाके घातले. तरी स्वेटरची पाठ ह्यांच्या अंगाला लावली की खांद्याखाली लोंबती. दोनदा उसवली. माझा हातच सैल हाय का गं?

उत्तर धाड. माया हाय तशी ऱ्हाऊ दे.
रंजना

लोणावळा,
९ डिसेंबर

चि. सौ. रंजनास, ताईचे अनेक आशीर्वाद.

लोकर करंगळीला एक वेढा देऊन धर आणि सुया जरा बारीक घे. रागात विणू नकोस, एक ओळ घट्ट आणि एक ढिली येते. राग तर तुझ्या नाकावरच बसलेला! थंडी असली तरी खोलीची खिडकी उघडी ठेव.

पण खरं सांगू? तुझा हात सैल नाही, मीच शिकवलंय. आता ती पाठ गणेशरावांच्या अंगाला लावू नकोस, जुन्या स्वेटरवर पसर. काय दिसतं ते लगेच कळव. माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझीच,
बबिता

तिकोणा पेठ,
११ डिसेंबर

ती. ताईस, रंजनाचा नमस्कार.

पसरली. काठाला काठ लागला. ताई, स्वेटर बरोबर हाय, माणूसच वाळलाय. रोज बघते म्हणून मला मेलीला दिसलंच न्हाई.

गोळ्या मी हातावर देते, पण ते चहा घेऊन परड्यात जात्यात. आज मी मागोमाग गेले. गोळ्या उकिरड्यात टाकत होते! मी लय तोंड सोडलं. मग हे लेकरागत रडायला लागले. गोळी घेतली की लघवी तांबडी होती, रक्त जातंय, औषधच आपल्याला मारतंय, असं मनात धरलं. सांगायची लाज वाटली म्हणत्यात. आता मलापण भ्या वाटतंय. खरंच रक्त असंल तर?

रंजना

लोणावळा,
१२ डिसेंबर

चि. रंजना, आशीर्वाद.

ही चिठ्ठी त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. आमच्या गल्लीतल्या नर्सबाईंना विचारून आले. त्या गोळीनं लघवीला तांबडा रंग येतोच, ते रक्त नव्हे. पण मधेच गोळ्या सोडल्या तर रोग औषधाला जुमानत नाही. गणेशराव, उद्याच डॉक्टरांकडे जा आणि सगळं खरं सांगा. रंजना, तू आता भांडू नकोस. नाहीतर ते पुन्हा लपवतील. आणि पाठ उसवून लहान कर, थंडी थांबत नाही.

बबिता

तिकोणा पेठ,
१६ डिसेंबर

ती. ताईस, रंजना पाया पडते.

तळेगावला जाऊन आलो. डॉक्टर लय रागावले. थुंकी पुन्हा तपासायला दिली, रोग औषधाला ऐकतोय का ते अजून कळायचंय. गोळी आता माझ्यासमोर गिळत्यात, आ करून दाखवत्यात.

काल मी उसवायला बसले तर ह्यांनी पाठ हातातून काढून घेतली. म्हणाले, लहान केलीस तर तू माझी आशा सोडलीस असं मी समजीन.

तवा जुन्याच मापावर गळा कसा घालायचा, तेवढं लिहून धाड.

तुझी,
रंजना