पाच वेढ्यांचा शंख

प्रिय मकावासी,

परवा वुंदान्यीच्या बाजारात कोबी तोलत होते, तेवढ्यात तुझ्या विद्यापीठातल्या सरांचा फोन आला. तू उचलत नाहीस म्हणून मला लावला म्हणे. तुझा लेख मार्चपासून तयार आहे, पण छापायला पाठवायचं नाव काढलं की तू विषय बदलतेस. लेखात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नाताळात तू बाबांच्या कपाटातला तो शंख भिंगाखाली धरलास आणि नंतर ताटातल्या किमांग्याला हातसुद्धा लावला नाहीस, तेव्हाच मी काय ते समजले. माझ्या हातचं तू कधी टाकत नाहीस.

तर ऐक. त्या शंखावरून बाबांनी जाहीर केलेली नवी प्रजाती नवी नाही, आपल्या ओढ्याकाठच्या साध्या गोगलगायीचं पिल्लू आहे, हे मला सव्वीस वर्षांपासून माहीत आहे. शंख मीच आणला होता. देवराईतून काही न्यायचं नाही ही रीत; राखणदार मवाकिओ आजोबांनी बरीच कुरकुर करून एक रिकामा शंख तेवढा नेऊ दिला. बाबांनी तो धुतला, वेढे मोजले, पाच भरले. कडेला धार, रंग मधाचा. असा शंख कुठल्याच पुस्तकात सापडेना. आत प्राणी नाही, जोडीला दुसरा शंख नाही. सगळं वर्णन त्या नखाएवढ्या वस्तूवरून लिहिलं. मला मात्र दिसला तो ओठ, शंखाच्या तोंडाची कड. कोबीवरून रोज गोगलगायी वेचणारी कुठलीही बाई सांगेल, शंखाचा ओठ जाड होऊन बाहेर वळला की ती मोठी झाली. ह्याचा ओठ कागदासारखा पातळ होता.

मग मी बोलले का नाही? संग्रहालयात पंधरा वर्षं बाबांनी दुसऱ्यांचे शंख धुतले, चिठ्ठ्या लिहिल्या, पण छापून आलेल्या लेखावर त्यांचं नाव कधी नव्हतं. हा पहिलाच शोध, आणि त्याला त्यांनी नाव दिलं माझं, वावुडा, मागे लॅटिनची शेपूट लावून. छापील कागद घेऊन आले तेव्हा चपला काढायचीही शुद्ध नव्हती त्यांना. माझी जीभ उचलेना. पुढे तो कागद मी चर्चमधल्या बायकांना इतक्या वेळा दाखवला की त्या मला गोगलगायबाई म्हणायला लागल्या. मनात मात्र सारखी धाकधूक, कोणीतरी शहाणा येईल आणि ह्यांचं हसं करेल. तो शहाणा माझ्याच पोटी जन्माला येईल हे काही सुचलं नव्हतं.

फोननंतर घरी आले, चहा ठेवला आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. वाटेत जुळवलेले शब्द सगळे विसरले. बाबांनी अर्धा कप संपवला, मग म्हणाले, "मला एकोणीस वर्षांपूर्वीच कळलंय, वावुडा. पण तू गावभर मिरवत होतीस. कुठल्या तोंडानं सांगणार?"

आधी मी चिडले. मी ह्यांच्यासाठी गप्प, हे माझ्यासाठी गप्प, आणि आता तू दोघांसाठी. मग हसू आलं ते थांबेचना; शेजारची शाली काय झालं म्हणून डोकावून गेली. इतकं हलकं मला तुझ्या जन्मानंतर वाटलं नव्हतं बघ.

सोबतचा डबा जपून उघड, कापसात शंख आहेत. देवराईत पुन्हा कोणी जाऊ देईना, म्हणून बाबा दर पावसाळ्यानंतर तिथून येणाऱ्या ओढ्याच्या गाळात वेचत राहिले. मला वाटायचं, मासे बघायला जातात. एकेचाळीस शंख आहेत, पाच वेढ्यांपासून सातपर्यंत ओळीने, प्रत्येकाखाली चिठ्ठी. सगळ्यात मोठ्याचे शेंड्याकडचे पाच वेढे बघ, थेट आपलाच शंख. पुढे धार गोल होत जाते आणि ओठ वळतो. अशी ओळ तुझ्याकडे नव्हती ना? आता आहे, तेव्हा लेख पाठव. गोगलगायीवरून माझं नाव जाईल, जाऊ दे. थोडं वाईट वाटेल, त्याचं मी बघून घेईन. पण लेखावर तुझ्या नावाशेजारी बाबांचं नाव घाल. आपली चूक त्यांची त्यांनीच शोधली आहे. हे ते तुझ्याकडे कधीच मागणार नाहीत, म्हणून मी मागते आहे.

तुझीच,
आई