पिक्सेलचं पथ्य

१६ फेब्रु., सोम.
सकाळी पिक्सेल, आमचा लांबट, केसाळ फेरेट, पिंजऱ्यातून उतरला आणि मागचे पाय ओढायला लागला. जरा चालला, बसला. तोंडाला लाळ, नजर भिंतीवर लागलेली. त्याची जोडीदारीण नूडल त्याला हुंगून परत झोळीत जाऊन झोपली. अलिझा शाळेच्या युनिफॉर्ममध्येच जमिनीवर बसली. "ममा, समथिंग इज राँग विथ हिम." ऑफिसला मेसेज टाकला, टॅक्सी करून अल क्वोजचं क्लिनिक गाठलं.

डॉक्टर मल्याळी बाई, माझ्याशी हिंदीत. थेंबभर रक्त घेतलं. साखर फार खाली. पोटात बारीक गाठ असणार, ती इन्शुलिन बनवत सुटते. फेरेटना वय झालं की पुष्कळदा होतं म्हणे. ऑपरेशनला त्या फार राजी दिसल्या नाहीत. गोळ्या आणि पथ्य. मांस, फक्त मांस, थोडं थोडं, दिवसातून पुष्कळ वेळा. गोडाचा कण नाही. गोड दिलं की साखर उसळते, गाठ आणखी इन्शुलिन सोडते आणि साखर आधीपेक्षा खाली जाते.

"घर में मीठा कौन देता है इसको?"

कोणी नाही, म्हटलं. छातीठोक.

१७ फेब्रु., मंगळ.
अब्बा देतात.

आज घरून काम. चारच्या चहाला बाहेर आले तर अब्बा खुर्चीत, पिक्सेल मांडीवर. ग्लुकोजचं बिस्किट चहात बुडवून अर्धं स्वतः, अर्धं त्याला. मग सदऱ्याच्या खिशातून रुमाल, रुमालात खजूर. बी काढून, चुरून, बोटाच्या टोकावर. पिक्सेल डोळे मिटून चाटतोय.

"अब्बा, हे कधीपासून?"
"काय कधीपासून?"
"गोड चालत नाही त्याला. आजारी आहे तो."
"मुंगूस आहे गो. मुंगसाला काय होतंय?"

अब्बांसाठी तो पहिल्या दिवसापासून मुंगूस. माझ्या नवऱ्याच्या, इरफानच्या ऑफिसातला मित्र कायमचा मनिलाला परत गेला तेव्हा ही जोडी आमच्याकडे आली. अम्मीला जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. श्रीवर्धनचं घर बंद करून अब्बांना इथे आखातात आणलं होतं. कुणाशी बोलत नव्हते. पिक्सेल त्यांच्या बाहीत शिरला तेव्हा पहिल्यांदा हसले. त्यांच्या डॉ.नी डिमेन्शिया सांगितला तो नंतर.

समजावलं. "बरं," म्हणाले. "आजारी आहे, नाही द्यायचं." संध्याकाळी रुमालात परत खजूर.

१९ फेब्रु., गुरु.
रमजान सुरू झालाय. रोजा धरून चिकन बारीक करते आहे, वास सोसत नाही.

आतापर्यंत पिक्सेल-नूडलला मांजराचंच खाणं देत होतो. डॉ.नी पाकिटाची मागची बाजू वाचायला शिकवलं. पुढे भलं मोठं कोंबडीचं चित्र, मागे चिकन, मग वाटाणा, मग रताळं. फेरेटला कडधान्य, कंद पचतच नाहीत, आतडं आखूड. चांगलं म्हणून जास्त पैसे देऊन आणत होतो. अब्बांनी दिरहॅम विचारले, बोटांवर रुपये केले. "एवढ्यात अख्खी कोंबडी येते," म्हणाले. हिशेब अजून चोख. मला मात्र मधूनच अम्मीच्या नावाने हाक मारतात.

तर आता: कोंबडीच्या मांडीचं मांस, कोंबडीचं हृदय, कलेजी अगदी थोडी, कधी अंड्याचा पिवळा बलक. बारीक करून, कोमट.

पिक्सेलने हुंगलं, पाठ फिरवली.

२२ फेब्रु., रवि.
दोघंही तोंड लावत नाहीत. फेरेट लहानपणी जे खातो तेच त्याला अन्न वाटतं, बाकी सगळं परकं. डॉ. म्हणाल्या, हट्ट करा पण उपाशी ठेवू नका. अलिझाने बोटाला लावून त्याच्या नाकाला पुसलं, शिंकला. इ.ने सिरिंजने भरवायचा प्रयत्न केला, सगळं शर्टावर.

अब्बा बघत होते. "इकडे आण." बशी घेतली, चिमूटभर मांस बोटांत घोळवून गोळी केली, आपण लहान मुलाला भात भरवतो तसं. "घे रे बाबा. घे." पिक्सेलने चाटलं. परत चाटलं. मग खाल्लं.

नूडलही आली मागून. अलिझा माझ्या कानात, "ऑफ कोर्स ही इट्स फॉर नाना."

इतकं हलकं वाटलं की मोरीत जाऊन रडले.

२६ फेब्रु., गुरु.
पथ्य मार्गी लागलं. गोळीही मांसात घालून अब्बाच देतात. प्रत्येक वेळी नव्याने सांगावं लागतं, पण बशी हातात दिली की हातांना आठवतं.

दुपारी एक गंमत. गंमत म्हणवत नाही खरं तर. अब्बांना त्यांच्या डॉ.नी रोजा धरू दिलेला नाही, औषधं आहेत. जेवण वाढलं. जेवले. हात धुवून आले आणि पिक्सेलला म्हणाले, "तू खा. माझा रोजा आहे." इफ्तारला आमच्याबरोबर बसतात, अजानची वाट बघतात, चेहरा खरोखर रोजेदाराचा.

मी घरातले खजूर वरच्या कपाटात ठेवलेत. इफ्तारपुरते मोजके काढते. अलिझाने पिंजऱ्यावर कागद चिकटवलाय, तिच्या मोडक्या मराठीत: गोड देऊ नाही. अब्बा वाचतात. "बरोबर आहे," म्हणतात.

१ मार्च, रवि.


इफ्तार. मी भज्यांच्या कढईजवळ. अजान झाली. अब्बांनी खजूर अर्धा स्वतः घेतला आणि अर्धा खाली, पायाशी पिक्सेल. अलिझाला दिसलं तोवर गिळून झालं होतं. मग काही वेळ काहीच नाही. आम्ही जेवलो, नमाज झाली. मला वाटलं, सुटलो.

मग तो ओरडला. फेरेट असा ओरडतो हे माहीत नव्हतं. आडवा पडून पाय झाडत होता. इ.ने टॉवेलमध्ये धरला, मी कापसाच्या काडीने हिरड्यांना मध चोळला. फिट आली तर मधच, डॉ.नी सांगून ठेवलं होतं. जे एरवी द्यायचं नाही तेच. शुद्धीवर आल्यावर मांस भरवलं, मग क्लिनिक. वाचला.

अब्बा दारात उभे होते, टोपी हातात. "काय झालं त्याला? कुणी काय दिलं?"

अलिझा वळली. "यू डिड, नाना." मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "ही डझन्ट मीन टू. बट ही इज किलिंग हिम, ममा."

अब्बांना इंग्रजी कळतं. अल क्वोजच्या गोदामात आयुष्य काढलंय, गोऱ्या साहेबांबरोबर. खोलीत गेले. मी मागे गेले तर पलंगावर बसलेले. "मी दिलं काय गो?"
"नाही अब्बा."
"मग पोरगी असं का बोलली?"

थोड्या वेळाने विसरले. मीच विसरू शकले नाही.

३ मार्च, मंगळ.
इ. शांतपणे बोलला. जोडी कुणाला तरी देऊ या. अलिझा ऐकत होती, उठून आत गेली. मला तिच्याशी भांडायला बरं पडलं असतं.

नासिरभाईचा फोन. माझा थोरला भाऊ, उम्म अल क्वैनला असतो, बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप. सगळं ऐकून म्हणाला, "एवढंच ना? अब्बांना ईदपर्यंत माझ्याकडे ठेव. खाडी समोर आहे, बोटी आहेत, त्यांना करमेल. तुझं जनावर बरं होऊ दे. यल्ला, शुक्रवारी आण."

किती सोपं वाटलं. हो म्हटलं. इ.ने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

६ मार्च, शुक्र.
सोडून आले. अब्बा खुशीत होते, नवा सदरा घातला. गाडीत बसताना थांबले. "मुंगसाला घ्यायचं ना?"
"त्याचं पथ्य आहे अब्बा. घरीच राहू दे."
"मग त्याला घास कोण घालील?"
"मी घालते."
माझ्या हाताकडे बघितलं.

भाभीने खोली छान लावली आहे. निघताना अब्बांनी विचारलं, "तू राहत नाहीस?"

१० मार्च, मंगळ.
साखर पहिल्यांदाच ठीक. डॉ. खूश. पण वजन उतरतंय. खातो, माझ्या हातून, थोडंसं, उपकार केल्यासारखं. मी अब्बांसारखी गोळी करते, "घे रे बाबा" म्हणते. खातो आणि जाऊन अब्बांच्या खुर्चीखाली झोपतो.

भाभीला विचारलं, अब्बा आठवण काढतात का? पहिले दोनतीन दिवस विचारत होते म्हणाली, मुंगूस कुठे. आता नाही विचारत. आता शांत असतात.

१३ मार्च, शुक्र.
व्हिडिओ कॉल. अब्बा खिडकीत. दाढी वाढली आहे. "कशी आहेस?" म्हणाले, पाहुण्यांना विचारतात तसं. मी पिक्सेलला कॅमेऱ्यापुढे धरला. बघितलं. मग नासिरभाईला विचारलं, "गाडी आली काय?"

कुठली गाडी, कुणालाच माहीत नाही.

इ.ला म्हटलं, रविवारी आणू या. ईदची वाट बघायची नाही.

१५ मार्च, रवि.
आणलं. घर ओळखलं नाही. आपली खोली कुठली विचारलं.

पिक्सेलला लगेच कळलं. आठ-नऊ दिवसांत असा धावला नव्हता. अब्बांच्या पायावर चढून सरळ बाहीत. अब्बा दचकून उभे राहिले, हात झटकला. "हे काय? चावेल. कुणाचं आहे गो हे?"

पिक्सेल गालिच्यावर पडला, लागलं नाही. परत चढायला गेला, अलिझाने उचलून घेतला.

"आपलाच आहे अब्बा. मुंगूस."
"मुंगूस असं नसतं," म्हणाले.

बरोबरच आहे त्यांचं. नसतंच.

१७ मार्च, मंगळ.
वाटलं, हातांना आठवेल. बशी दिली, कोमट, बारीक केलेली. अब्बांनी चिमूट घेतली, घोळवली, गोळी झाली. आणि ती स्वतःच्या तोंडाकडे नेली. मनगट धरलं मी. रागावले. "जेवूपण देत नाहीस?"

अलिझाने बशी घेतली, खाली बसली, पिक्सेलला भरवलं. तिच्या हातून खाल्लं त्याने. पुष्कळ. मग अब्बांसाठी प्लेट आणली, खिमा आणि पाव, आणि त्यांच्या शेजारी बसून राहिली. "सॉरी, नाना." कशासाठी ते त्यांना कळलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

अब्बांच्या डॉ.ना फोन केला. जागा बदलल्याने असं होऊ शकतं, आणि नसती बदलली तरी कधीतरी झालंच असतं. नेमकं कुणीच सांगू शकत नाही म्हणाले. दोन्ही वाक्यं लिहून ठेवते. दुसरं परत परत वाचते.

२० मार्च, शुक्र.
ईद. नासिरभाई, भाभी आले. शिरखुर्मा. अब्बा नमाजेला गेले, एक शब्द चुकला नाही, इ. म्हणाला. दुपारी मला "सलमा" म्हणाले, अम्मीचं नाव. मी ओ दिली.

टेबलावर खजुरांची थाळी उघडी होती दिवसभर. कुणी पिक्सेलला एकही खजूर दिला नाही.

२४ मार्च, मंगळ.
क्लिनिक. साखर चांगली, वजनही थोडं चढलं. गाठ आहेच, पण डॉ. म्हणाल्या, "जो कर रहे हो, वही करते रहो. बहुत अच्छा डाएट है." मी थँक यू म्हटलं. त्यांनी टिश्यू पुढे केला तेव्हा कळलं, मी रडतेय.

घरी आल्यावर अब्बा खुर्चीत, पिक्सेल खुर्चीखाली. अब्बांचं लक्ष नाही. त्यांनी पाय मात्र हलवला नव्हता. पिक्सेल त्यावर डोकं टेकून झोपला होता.

नासिरभाईचा मेसेज इ.च्या फोनवर. खोली तशीच लावून ठेवली आहे. भाभी घरीच असते, तुम्ही दोघं कामावर. अब्बांना कायमचंच तिकडे पाठवायचं का? नीट विचार करून सांगा. अलिझा म्हणते, नो वे. इ. म्हणतो, तू ठरव, तुझे अब्बा आहेत. मग ओट्याजवळ येऊन उभा राहिला. "नासिरला काय सांगू?"

मी पिक्सेलचं चिकन बारीक करत होते. झालं होतं, तरी मिक्सर चालूच ठेवला.